आधी चारा, मग ससा

(ग्रामसेवक, विस्तार अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामीण भागातील जोडधंद्यांचा विचार करताना शेळीपालन व परसातील कुक्कुटपालन यांच्याबरोबर ससेपालनाचेही नाव आता घेतले जाते. जागा थोडी लागते, प्राणी शांत आहे आणि वीण लवकर वाढते, या तीन गोष्टींमुळे अल्पभूधारकांना व बचत गटांतील भगिनींना या धंद्याचे आकर्षण वाटते. मी पशुवैद्यक नाही. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली गोष्ट सोप्या शब्दांत गावाच्या वेशीपर्यंत पोचविणे, एवढेच माहिती अधिकाऱ्याचे काम होय. म्हणून जाती, पिंजरे व बाजारपेठ यांचा विस्तार न करता मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. तो म्हणजे विणाऱ्या मादीचा आणि तिच्या वाढत्या पिल्लांचा आहार.

हाच विषय निवडण्याचे कारण असे की, ससेपालनाचा प्रस्ताव तयार करताना माद्या किती, नर किती, पिंजऱ्याची लांबी-रुंदी किती, कर्ज किती व हप्ता किती, हा तपशील आपण काटेकोरपणे लिहितो. चाऱ्याच्या रकान्यात मात्र ‘स्थानिक उपलब्ध’ असे दोन शब्द लिहून पुढे जातो. या दोन शब्दांतच पुष्कळदा साऱ्या योजनेचे अपयश दडलेले असते. माद्या वितात, पिल्ले बागडू लागतात, घरात आनंद होतो. आणि सव्वा-दीड महिन्याच्या सुमारास एकामागून एक पिल्लू पोट फुगून किंवा हगवण लागून मरते. लोक म्हणतात साथ आली, कोणी म्हणते हा प्राणीच आपल्याकडे लाभत नाही. पिल्ले जातात, हप्ता मात्र राहतो. या हानीचा मोठा भाग योग्य आहाराने टाळता येण्यासारखा आहे, हे मला आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

रानातला ससा आणि पिंजऱ्यातला ससा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या माळरानावर दिसणारा ससा आणि पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा हे वेगळे प्राणी आहेत. रानातल्या सशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण असून त्याची शिकार करणे किंवा त्याला पकडून पाळणे हा गुन्हा आहे. पाळीव ससा हा मूळचा नैर्ऋत्य युरोपातील, बिळे करून राहणाऱ्या सशाचा वंशज होय.

हा भेद आहाराच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. रानातल्या सशाचे पिल्लू अंगावर केस आणि डोळे उघडे अशा स्थितीत जन्मते. पाळीव सशाचे पिल्लू उघडेवाघडे, आंधळे आणि अवघे ५०-६० ग्रॅम वजनाचे असते. त्याचे डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात आणि सुमारे अठरा दिवसांपर्यंत आईच्या दुधावाचून त्याला दुसरा आधार नसतो. म्हणजे पिल्लांचा आहार हा प्रथम आईचाच आहार असतो.

आपल्या देशात या प्राण्यावर पद्धतशीर संशोधन झालेले आहे. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत आणि तिच्या तमिळनाडूतील मन्नवनूर येथील केंद्रात मांसासाठीच्या सशांचे संगोपन होते. मन्नवनूर हे कोडाईकनालच्या डोंगरातील थंड हवेचे ठिकाण आहे. व्हाइट जायंट, सोव्हिएट चिंचिला, न्यूझीलंड व्हाइट या मूळच्या थंड प्रदेशांतील जाती आपण बीड किंवा चंद्रपूरच्या उन्हात पाळू पाहतो, तेव्हा खाऊ घालण्याच्या वेळा व पद्धती आपल्या हवामानाप्रमाणे बसवून घेणे आवश्यक ठरते.

पोटाची रचना समजून घ्या

ससा गवत खातो म्हणून तो लहान आकाराची शेळीच, असे समजण्याची चूक सर्रास होते. शेळी रवंथ करते. तिला चार कप्प्यांचे पोट असते. सशाचे जठर साधे, एका कप्प्याचे असून चाऱ्यावर प्रक्रिया करणारे सूक्ष्म जीव त्याच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या एका भल्या मोठ्या पिशवीत राहतात. तिला अंधांत्र म्हणतात. या पिशवीत तयार झालेले सत्त्व वाया जाऊ नये म्हणून निसर्गाने एक विलक्षण योजना केली आहे. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. दिवसा जमिनीवर पडलेल्या दिसतात त्या कोरड्या व कठीण. दुसऱ्या मऊ व घोसासारख्या असतात. त्या तो बहुधा रात्री वा पहाटे थेट तोंडाने घेऊन गिळतो. त्यांतून त्याला प्रथिने आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे मिळतात. हे पाहून पुष्कळ जण सशाला खोड लागली असे समजतात. वस्तुतः ते त्याच्या पचनाचे आवश्यक अंग आहे.

हे सारे यंत्र सुरळीत चालण्यासाठी एक गोष्ट अपरिहार्य आहे, ती म्हणजे तंतुमय चारा. जाडाभरडा चारा आतड्याला सतत हालते ठेवतो. तो कमी पडला आणि पिठूळ पदार्थ जास्त झाले की अन्न अंधांत्रात साचते, आंबते, उपकारक सूक्ष्म जीव मागे पडतात आणि विष निर्माण करणारे जंतू माजतात. पोट फुगते, हगवण लागते आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावते. म्हणून उरलेली भाकरी, चपाती, भात सशापुढे टाकण्याची सवय घातक आहे. घरातली माणसे हे प्रेमाने करतात. परंतु हा लाड सशाच्या जिवावर बेततो, हे त्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे. याशिवाय सशाचे पुढचे दात जन्मभर, आठवड्याला सुमारे दोन-तीन मिलिमीटर या वेगाने वाढत असतात. त्यांची झीज होण्यासाठीही वाळलेले गवत व कुरतडावयास डहाळ्या लागतात.

मादीचे सत्तर दिवस

आता मादीकडे वळू. सशाची मादी सुमारे ३१ दिवस गाभण असते. त्यानंतर ३५ दिवस ती पिल्लांना पाजते आणि चार दिवसांची उसंत मिळून पुन्हा नराकडे नेली जाते. हे ७० दिवसांचे एक आवर्तन झाले. या हिशेबाने वर्षाला पाच वेते मिळतात. काही जाहिराती व प्रस्ताव वर्षाला आठ-दहा वेतांचे आकडे दाखवितात. व्यालेल्या मादीला लगेच नर दाखविला तर ती गाभण राहू शकते, हे खरे. परंतु एकाच वेळी पोटातली आणि पेटीतली अशी दोन वेतांची पिल्ले पोसावयास जो आहार लागतो, तो आपल्या घरगुती व्यवस्थेत मिळत नाही आणि मादी दोन-तीन वेतांतच खंगून जाते. पाच वेते आणि प्रत्येकातून सहा पिल्ले जगविणे, हे उद्दिष्ट पुरेसे मोठे आहे.

प्रौढ, रिकाम्या मादीला सुमारे १०० ग्रॅम खुराक व २५० ते ३०० ग्रॅम हिरवा चारा पुरतो. येथे हात सैल सोडू नये. लठ्ठ मादी नराला जुमानत नाही, गाभण राहिलीच तर तिच्या पोटात पिल्ले थोडी राहतात आणि विण्याच्या सुमारास ती दगावण्याचीही भीती असते. पाठीवरून हात फिरविला असता मणके बोटाला लागावेत, पण टोचू नयेत, ही ओळख घरातील कोणीही शिकू शकतो.

गाभणपणाचे पहिले वीस दिवस हेच प्रमाण ठेवावे. या काळात गर्भ अगदी लहान असतात. त्यांची बहुतेक वाढ शेवटच्या दहा दिवसांत होते. त्या वेळी खुराक हळूहळू १५० ग्रॅमपर्यंत न्यावा. विण्याच्या एक-दोन दिवस आधी मादीचे खाणे आपोआप मंदावते. ती छातीचे, पोटाचे केस उपटून पेटीत गादी करू लागते. अशा वेळी आग्रहाने खुराक घालू नये, थोडा कोवळा चारा द्यावा. परंतु पाण्याचे भांडे क्षणभरही रिकामे राहू देऊ नये. व्यालेली मादी तहानेने व्याकूळ झाली तर आपलीच पिल्ले कुरतडते. त्या मादीला ‘वैरीण’ म्हणून नावे ठेवण्यापूर्वी पाण्याचे भांडे पाहावे.

दुधाचा हिशेब

व्याल्यानंतरचे पाच आठवडे हा आजच्या विषयाचा गाभा आहे. मादी पिल्लांना चोवीस तासांतून बहुधा एकदाच आणि तेही तीन-चार मिनिटेच पाजते. उरलेला वेळ ती पेटीकडे फिरकत नाही. आईने पिल्ले टाकली असा समज करून घरची मंडळी गाईचे दूध पाजू लागतात. त्याची गरज नसते. सकाळी पेटी उघडून पाहावे. पिल्लांचे पोट गोल, तट्ट आणि त्वचेतून पांढरे दूध दिसत असेल तर आईने आपले काम केले आहे. कातडी सुरकुतलेली आणि पिल्ले अस्वस्थ असतील तर मात्र दूध कमी आहे असे समजावे.

सशाच्या दुधाची बरोबरी गाईचे दूध करू शकत नाही. गाईच्या दुधात प्रथिने सव्वातीन टक्क्यांच्या व स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास असतो. सशाच्या दुधात हे दोन्ही घटक सुमारे १२ टक्के असतात. याच बळावर पिल्लाचे वजन सहा दिवसांत दुप्पट होते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दूध सर्वाधिक असते. चार किलो वजनाची, सात-आठ पिल्ले पाजणारी चांगली मादी त्या वेळी दिवसाला २५० ग्रॅमपर्यंत दूध देते. हे प्रमाण तिच्या वजनाच्या सोळाव्या हिश्शाचे झाले. ४०० किलोच्या गाईने रोज २५ लिटर दूध द्यावे, तसेच हे आहे. आणि ते दूधही गाईच्या दुधाहून तिपटीने दाट.

आता हिशेब पाहा. २५० ग्रॅम दुधातून मादी रोज ३० ग्रॅम प्रथिने पिल्लांना देते. गाभण व पाजत्या मादीसाठी सर्वसाधारणपणे १५० ग्रॅम खुराक व १५० ग्रॅम हिरवा चारा असे प्रमाण सांगितले जाते. खुराकात १६ टक्के प्रथिने धरली तर त्यातून २४ ग्रॅम मिळतात. हिरव्या लसूणघासात वजनाच्या सुमारे चार टक्के प्रथिने धरली तर १५० ग्रॅममधून ६ ग्रॅम मिळतात. एकूण ३० ग्रॅम. म्हणजे जेवढे पोटात गेले तेवढे सारे दुधात उतरावे लागेल! परंतु खाल्लेले सारे पचत नाही आणि मादीचे स्वतःचे शरीरही चालावयाचे असते. तूट ती आपल्या अंगावरून भरून काढते, आणि अंगावरचे संपले की दूध आटते.

याचा अर्थ सांगितलेले प्रमाण चुकीचे आहे असा नव्हे. ते सरासरीचे आहे आणि थोडी पिल्ले असलेल्या मादीला ते चालून जाते. मोठे वेत असलेल्या मादीला मात्र ते पुरत नाही. म्हणून एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. मादीसाठी १०० ग्रॅम आणि दर पिल्लामागे १५ ग्रॅम खुराक. आठ पिल्ले असतील तर २२० ग्रॅम. त्याच्या जोडीला लसूणघास, शेवरी यांसारखा द्विदल हिरवा चारा ४०० ते ५०० ग्रॅम आणि वाळलेले गवत खाईल तेवढे. यातून मादीला पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. ही वाढ व्याल्याबरोबर एकदम करू नये. पहिले चार-पाच दिवस थोडे थोडे वाढवीत दुसऱ्या आठवड्यात पूर्ण प्रमाणावर यावे आणि दिवसाचा खुराक दोन-तीन वेळांत वाटून द्यावा. मादीला स्तने बहुधा आठ असतात. त्याहून अधिक पिल्ले झाल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांतच ती त्याच सुमारास व्यालेल्या, थोडी पिल्ले असलेल्या दुसऱ्या मादीकडे द्यावीत.

पिल्लांचे नाजूक दिवस

अठराव्या ते एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले पेटीबाहेर येतात आणि आईच्या भांड्यात तोंड घालू लागतात. येथून पुढचे महिनाभराचे दिवस सर्वांत नाजूक होत. दुधावर असताना दुधातील काही मेदाम्ले पिल्लांच्या पोटाचे रोगजंतूंपासून रक्षण करीत असतात. दूध कमी होत जाते तसे हे संरक्षण कमी होते. आणि मोठ्या सशाच्या जठरात असते तेवढी आम्लता अद्याप आलेली नसते. अंधांत्रातील सूक्ष्म जीवांची वस्तीही नुकतीच बसू लागलेली असते. अशा संधिकालात एकाच दिवशी आई दूर केली, पिंजरा बदलला आणि खाद्यही नवे दिले, तर पिल्लाच्या पोटाने ते सोसावे कसे? पोटफुगी आणि हगवणीने होणारे मृत्यू चौथ्या ते सातव्या आठवड्यात अधिक होतात, त्याचे कारण हे आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. दूध तोडावयाच्या दिवशी पिल्ले हलवू नयेत, आईला दुसऱ्या पिंजऱ्यात न्यावे. पिल्लांना तोंडात रुळलेले तेच खाद्य पुढे निदान दहा दिवस द्यावे. नवे खाद्य सुरू करावयाचे तर जुन्यात थोडे थोडे मिसळून आठवड्याभरात बदल करावा. पाणीदार कोवळा चारा प्रारंभी मूठभरच द्यावा, आणि तोही सावलीत सुकवून. वाळलेले गवत मात्र सदैव समोर असावे. पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लाला दिवसाला ५० ग्रॅम खुराकापासून सुरुवात करून दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत ७५ ते १०० ग्रॅमपर्यंत जावे आणि हिरवा चारा १५० ग्रॅमपर्यंत वाढवावा.

येथे एक उपयुक्त अनुभव फ्रान्समधून मिळतो. तेथील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, दूध तुटल्यावर दोन-तीन आठवडे पिल्लांना पोटभर खाद्याच्या तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश एवढेच खाद्य दिले, तर पोटाचे विकार व मृत्यू कमी होतात. आपल्याकडील रीत नेमकी उलट आहे. पिल्ले लवकर वजनाला यावीत म्हणून याच काळात धान्याचा भरडा भरभरून घातला जातो. खुराकात थोडा हात राखावा आणि गवतात राखू नये, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

हगवण लागली की घरातील माणसाच्या गोळ्या देण्याचा प्रकार कटाक्षाने टाळला पाहिजे. पेनिसिलीन गटातील व लिंकोमायसिनसारखी काही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपकारक जीव मरतात आणि औषधानेच जनावर दगावते. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास विचारल्यावाचून कोणतेही औषध देऊ नये. तसेच चारा पिंजऱ्याच्या तळाशी टाकू नये. लेंड्यांनी माखलेल्या चाऱ्यातून कॉक्सिडिओसिस हा रोग पिल्लांत पसरतो. चारा बांधून टांगावा किंवा जाळीच्या गव्हाणीत ठेवावा. खुराकासाठी मातीचे वा सिमेंटचे जड, न लवंडणारे भांडे पुरेसे आहे.

खुराक आणि चारा

तयार गोळी खाद्य मिळत असेल तर सोयीचे असते. न मिळाल्यास घरच्या घरी मिश्रण करता येते. शंभर किलो मिश्रणात मक्याचा भरडा ३० किलो, बाजरीचा भरडा ३० किलो, गव्हाचा कोंडा २५ किलो, भुईमुगाची पेंड १३ किलो, क्षार मिश्रण दीड किलो आणि मीठ अर्धा किलो घेतले, तर त्यात प्रथिने साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास येतात. या मिश्रणात तंतुमय अंश थोडा असल्याने ते नेहमी चाऱ्याच्या जोडीनेच द्यावे. पेंड मात्र स्वच्छ व कोरडी हवी. बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असते आणि ससा त्याला फार लवकर बळी पडतो. गाईला चालली म्हणून ती पेंड सशाला चालेल, असे समजू नये.

हिरव्या चाऱ्यात लसूणघासाचे स्थान पहिले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर. एल. ८८ हा वाण एकदा पेरला की काही वर्षे कापता येतो. त्याच्या जोडीला शेवरी, दशरथ घास, हादगा, शेवग्याचा पाला, चवळी, मका व मारवेल गवत देता येते. नुसत्या लसूणघासावर भिस्त न ठेवता गवत मिसळावे. पावसाळ्यातील भिजलेला चारा काही तास सावलीत पसरून सुकवावा. ढीग करून तापलेला चारा कधीच देऊ नये.

सुबाभळीविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने १९७० च्या दशकात या झाडाचा मोठा प्रसार केला आणि शेळ्या-गाईंना त्याचा उपयोगही झाला. परंतु तिच्या पाल्यात मायमोसिन नावाचे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील विशिष्ट जीवाणू त्याचे विष उतरवू शकतात. सशाला ती सोय नाही. अधिक सुबाभूळ खाल्ल्यास सशाचे केस गळतात, वाढ खुंटते व प्रजननावर परिणाम होतो. विणाऱ्या माद्यांना ती देऊच नये, इतरांनाही अल्प प्रमाणात द्यावी. कोवळ्या ज्वारीचे धुमारे, घाणेरी, रुई, धोतरा, एरंड, गाजरगवत आणि नुकतीच फवारणी झालेल्या शेतातील पाला हे सर्व वर्ज्य समजावे.

उन्हाळा आणि पाणी

सशाला घाम येत नाही. तापमान तीस अंशांच्या वर गेले की तो खाणे कमी करतो, मादीचे दूध घटते आणि नरही काही काळ निकामी होतो. ससा स्वभावतःच संध्याकाळी, रात्री व पहाटे अधिक खातो. म्हणून उन्हाळ्यात खुराकाचा मोठा वाटा सूर्यास्तानंतर आणि थोडा पहाटे द्यावा. दुपारी चाऱ्याची काडीही नसली तरी चालेल, पाणी मात्र गार व स्वच्छ हवे. पाजती मादी उन्हाळ्यात दिवसाला एक लिटरहून अधिक पाणी पिते. ज्या घरात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे दहा पाजत्या माद्यांचे पाणी कोठून येणार, हा प्रश्न योजना मंजूर होण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

पाच गुंठ्यांचा प्रश्न

दहा माद्या व दोन नर यांचा एक घटक धरू. सत्तर दिवसांच्या आवर्तनात प्रत्येक मादीची सहा पिल्ले जगली आणि ती बारा आठवडे वयाची होईपर्यंत ठेवली, तर कोणत्याही दिवशी दूध तुटलेली सुमारे चाळीस पिल्ले दावणीला असतात. माद्यांना मिळून चार किलो, नरांना अर्धा किलो, पिल्लांना सहा किलो असा दिवसाला साडेदहा किलो हिरवा चारा लागतो. नासाडी धरून अकरा-बारा किलो म्हणा. चांगल्या पाण्याखाली लसूणघास हेक्टरी ८० ते १०० टन हिरवा चारा वर्षाला देतो असे धरले, तर एका गुंठ्यातून दिवसाला सरासरी सव्वादोन ते पावणेतीन किलो चारा निघतो. म्हणजे एका लहानशा घटकासाठीही निदान पाच गुंठे बागायत जमीन आणि बाराही महिने पाणी हवे. ज्या भगिनीच्या नावावर एक गुंठाही नाही, तिच्या दारात दहा माद्या नेऊन ठेवणे म्हणजे मदत नव्हे. तिच्या डोक्यावर रोजचा अकरा किलोंचा भारा देणे होय.

मित्रहो, यावरून आपापले कर्तव्य स्पष्ट होते. प्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी चाऱ्याच्या रकान्यात ‘स्थानिक उपलब्ध’ हे शब्द स्वीकारू नयेत. कोणता चारा, किती गुंठे, पाणी कोणत्या विहिरीचे, हे लिहून घ्यावे आणि लसूणघासाची पहिली कापणी हाती आल्यावरच ससे द्यावेत. पाच गुंठे नसतील तर दोन माद्यांपासून सुरुवात करावी. त्यात कमीपणा नाही. पंचायत सदस्यांनी गटाला सामाईक चारा लावण्यासाठी जागा व सांडपाणी मिळवून देता येईल काय, याचा विचार करावा. बांधावर शेवरी व हादगा लावण्यास तर फारशी जागाही लागत नाही.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती आहे. एकविसाव्या दिवशी वेतातील सर्व पिल्लांचे एकत्र वजन करणे, ही मादीच्या दुधाची जगभर मान्य झालेली कसोटी आहे. तोपर्यंत पिल्ले मुख्यतः दुधावरच वाढलेली असतात. नीट पोसलेले पिल्लू त्या दिवशी तीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी ससे असतील तर वाण्याच्या तराजूवर हे वजन करून वहीत मांडावयास मुलांना शिकवा. कोणती मादी ठेवावी, कोणाच्या पोटी पुढची पैदास घ्यावी आणि कोणाचा खुराक कमी पडतो आहे, हे त्या एका आकड्यावरून कळते. गणिताचा तोच धडा घराच्या उत्पन्नाशी जोडला जाईल.

ससा हा मुका प्राणी आहे. भूक लागली म्हणून तो गाईसारखा हंबरत नाही की शेळीसारखा ओरडत नाही. त्याची उपासमार शांतपणे चालते आणि आपल्या लक्षात येते ती पिल्ले मेल्यावर. म्हणून त्याच्या वतीने बोलण्याचे काम प्रस्तावावर सही करणाऱ्या, गावात फिरणाऱ्या आणि शाळेत शिकविणाऱ्या आपणा सर्वांवर येते. पिंजरा नंतर येऊ द्या, जात नंतर ठरू द्या. प्रथम मादीच्या भांड्यात काय पडणार आणि ते कोणाच्या शेतातून येणार, एवढे निश्चित करा. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!